‘मंत्र्यांनी लक्ष घातलं तर बिघडलं कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारी सरकारी संस्था, मंत्रालयापासून स्वायत्त हवी, असं सांगणारा माझा लेख सरकारबद्दलच्या आकसातून आला, रिकाम्या जागा कुठल्या खात्यात नसतात, आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानतळांवर ताटकळत असताना नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी लक्ष घातलं तर बिघडलं कुठे, असे तुमचे आक्षेप आहेत.

शेवटचा आधी घेतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. वैमानिकांच्या थकव्याबाबतचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी विरोध केला, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. एवढी सवड मिळूनही इंडिगोचं नियोजन कोलमडलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला मंत्र्यांनीच जाहीर केलं की डीजीसीएचे हे आदेश स्थगित करत आहोत. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजायची नाही, ही अट सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली गेली. इंडिगोला रात्रीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली.

प्रवाशांना परतावा मिळवून देणं, भाड्यांना लगाम घालणं ही मंत्र्यांची कामं. ती त्यांनी केली, चांगलंच झालं. पण पहाटे तीनला विमान उतरवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरची झोप सरकारी आदेशाने उडत नाही. तो नियम सुरक्षेचा होता, आणि नियम न पाळणाऱ्या कंपनीलाच त्यातून सूट मिळाली. पुढच्या वेळी दुसरी एखादी कंपनी डीजीसीएच्या तारखेला का जुमानेल?

त्यानंतर डीजीसीएने आपल्या चार उड्डाण निरीक्षकांना घरी पाठवलं. चौघंही कंत्राटी. इथे तुमचा रिकाम्या जागांचा मुद्दा येतो. संसदेच्या स्थायी समितीच्या ऑगस्ट २०२५ च्या अहवालानुसार डीजीसीएत मंजूर पदं १,०६३ आणि भरलेली ५५३. निम्मं कार्यालय रिकामं! आणि ही फायली पुढे सरकवणारी पदं नव्हेत. उड्डाण निरीक्षक कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे बसून त्यांचं काम पाहतो, सिम्युलेटरवरची परीक्षा तपासतो. त्यासाठी तो स्वतः मुरलेला वैमानिक असावा लागतो, आणि अशा माणसाला विमान कंपनी जो पगार देते तो सरकारी वेतनश्रेणीत बसत नाही. कायम भरती डीजीसीएच्या हातात नाही, ती बाहेरच्या यंत्रणेमार्फत होते आणि रखडते. मग कंत्राटी माणसं घ्यायची, आणि प्रकरण अंगाशी आलं की त्यांनाच काढायचं.

आता आकसाबद्दल. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला, तेव्हा सरकार यूपीएचं होतं. निरीक्षकांची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण होतं. आपल्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं सुरू करता येईनात, तेव्हा धावपळ झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. डीजीसीएच्या जागी स्वतःचा निधी असलेलं स्वतंत्र प्राधिकरण आणणारं विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं होतं. यूपीएने ते रेटलं नाही, ते बारगळलं. विमान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला वैधानिक दर्जा दिला, पण निर्देश देण्याचा आणि आदेश फिरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडेच ठेवला. अपघातांची चौकशी करणारा एएआयबीही त्याच मंत्रालयाखाली आहे. उद्या चूक डीजीसीएची निघाली तर ती निर्भीडपणे लिहायची कुणी?

डीजीसीएला पूर्ण आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्तता द्या, अशी शिफारस याच स्थायी समितीने केली आहे, आणि तिचे अध्यक्ष संजय झा सत्ताधारी आघाडीतले आहेत. ब्रिटनची सीएए ही तिथली नियामक संस्था विमान उद्योगाकडून शुल्क घेऊन आपला खर्च भागवते. तशी सोय इथे झाली तर अनुभवी वैमानिकाला साजेसा पगार डीजीसीए स्वतः ठरवू शकेल. तुम्हाला यात अडचण दिसत असेल तर जरूर लिहा, मला त्यावर बोलायला आवडेल.