काका, 'एकट्याने दोन मिनिटांत' हे माझं वाक्य चुकीचंच होतं (पॅडॉक स्टँडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाकलं नाही कारण घाईत लिहिण्यासारखं ते नव्हतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, माझा पॅडॉक स्टँडवरचा (दांडा दाबून बाईकचं मागचं चाक हवेत उचलणारा आणि गाडी सरळ उभी ठेवणारा वेगळा स्टँड) लेख वाचून ऐरोलीच्या या काकांच्या मुलाने स्टँड मागवला, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटाच लावायला गेला आणि त्याची यामाहा आर15 बाईक उजवीकडे आडवी झाली, ब्रेकचा लिव्हर तुटला, टाकीला पोचा पडला, पोराचा घोटा सुजला. काकांचं म्हणणं की 'एकट्याने दोन मिनिटांत होतं' असं मी लिहिलंच कसं. शिवाय त्यांनी राजदूतपासून आजवर दोन विटा आणि एका लाकडी ठोकळ्यावर गाडी घेऊन सगळी कामं केली, कधी काही झालं नाही, हे स्टँडचं खूळ म्हणजे पोरांच्या गळ्यात मारलेली वस्तू आहे आणि मलाही त्यातून काहीतरी सुटत असणार.

शेवटचं आधी उरकतो. मला कोणाकडून काही मिळालेलं नाही, दोन्ही स्टँड माझ्या पगारातून घेतलेत.

आता मुख्य गोष्ट. ते वाक्य चुकीचं होतं आणि ते मी लेखातून काढलंय, काढल्याचं वरच लिहिलंय. मला ते दोन मिनिटांत जमतं कारण मी तीन वर्षं दर महिन्याला तेच करतोय, आणि नव्या माणसाला ते तसं सांगणं म्हणजे पोहता येणाऱ्याने विहिरीच्या काठावरून 'मार उडी' म्हणण्यासारखं झालं. मुलाला माझ्याकडून खरंच सॉरी सांगा. आणि एक गोष्ट मी लेखात लिहिलीच नव्हती ती आता लिहितो, कारण लिहिली असती तर कदाचित तो थांबला असता.

पहिल्या वर्षी जुलैमध्ये माझीपण गाडी अशीच जात होती. आमची बिल्डिंग ठाण्यात माजिवड्याला, खाली पार्किंगमध्ये अर्ध्या भागात काँक्रीट आणि अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक. पाऊस होता म्हणून काँक्रीटची जागा सगळ्यांनी आधीच धरलेली, मी पेव्हर ब्लॉकवर माझी केटीएम ड्यूक घेतली, स्टँडचा डावा हुक गाडीला बसला, उजवा बसल्यासारखा वाटला, दांडा दाबला आणि 'खट' असा एकच आवाज आला. स्टँडचं उजवं चाक दोन ब्लॉकच्या मधल्या फटीत गेलं होतं, खालची रेती पावसाने वाहून गेलेली, ब्लॉक तिरका झाला आणि गाडी माझ्यापासून लांब, उजवीकडे कलली. पलीकडे पिलर होता म्हणून हँडल त्याला टेकलं, नाहीतर दीडशे किलोच्या वरची गाडी धरून ठेवण्याची ताकद माझ्यात नाही. त्या दिवशी कळलं की आपण स्टँड चांगला की वाईट, दोन हजारचा की चारचा यावर डोकं लावत बसतो आणि गाडी पडते ती जमिनीमुळे आणि उचलायच्या त्या अर्ध्या मिनिटात.

उजवीकडेच का पडते ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या मुलाचंही बहुतेक हेच झालंय. साईड स्टँड डावीकडे, त्यामुळे माणूस डावीकडे उभा राहतो आणि गाडी सरळ करायला तिला उजवीकडे ढकलतो. त्याच वेळी वाकून दोन्ही हुक स्पूलखाली (मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेल्या गुंड्या) घालायचे असतात, डावा डोळ्यासमोर असतो, उजवा चाकाच्या पलीकडे, दिसत नाही. तो बसलेला नसताना दांडा दाबला की गाडी फक्त डावीकडून उचलली जाते आणि ती दुसऱ्या बाजूला उलटणारच, आणि त्या बाजूला धरायला कोणीच नसतं. त्यात पायाने दांडा दाबला असेल तर आपला स्वतःचाही तोल एका पायावर.

दुसरं म्हणजे उतार. स्टँडचा दांडा दाबला की हुक नुसते वर जात नाहीत, वर जाता जाता मागे येतात, म्हणजे गाडी जराशी मागे सरकते, किंवा पुढचा ब्रेक लागलेला असेल तर स्टँडच आपल्या चाकांवर तिच्याखाली पुढे घुसतो. हुक स्टँडच्या चाकांच्या वरून मागच्या बाजूला गेले की गाडीचं वजनच दांडा खाली दाबून ठेवतं. तिथे लॉक वगैरे बऱ्याच स्टँडला काही नसतं, फक्त वजन. आता गाडीचं तोंड उताराकडे असेल आणि पुढचा ब्रेक मोकळा असेल तर पुढचं चाक हळूच घरंगळतं, गाडी पुढे ओढली जाते आणि दांडा आपोआप वर येतो. पार्किंगच्या फरशीला पाणी गटाराकडे जावं म्हणून बहुतेक ठिकाणी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मी पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवतो, ती गडगडली की जागा बदलतो. आणि ब्रेकसाठी मेकॅनिककडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून ठेवलीय, पुढचा लिव्हर तिनेच ग्रिपला आवळून बांधतो.

तर आता मी काय सांगतो ते असं की पहिले आठदहा वेळा दुसरा माणूस पाहिजेच, वॉचमनकाका चालतील, बायको, भाऊ कोणीही, फक्त त्याने हँडल दोन्ही हातांनी सरळ धरायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. साईड स्टँड उघडाच ठेवायचा. दोन्ही हुक बसले की दांडा दाबण्याआधी उजवीकडे जाऊन स्वतःच्या डोळ्याने बघून यायचं, बोट लावून बघायचं. मग तळहाताने, अंगाचा भार टाकून, झटका न देता. उतरवताना लोक जास्त निष्काळजी होतात, काम झालेलं असतं, हात तेलकट असतात. उतरताना गाडी पुढे येते म्हणून तेव्हापण हँडलवर माणूस हवा आणि साईड स्टँड उघडा आहे का ते आधी बघायचं.

आता विटांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार, राग मानू नका. तुमच्या राजदूतला डबल स्टँड होता, तुम्ही विटा आणि ठोकळा लावलात तो आधाराला, सगळं वजन त्यावर नव्हतं. आजच्या आर15, ड्यूक यांना डबल स्टँडच नाही. साईड स्टँडवर तिरकी करून इंजिनखाली वीट सारली की मागचं चाक उचललं जातं हे खरं, पण वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, ती सरळ फुटते, अंदाजच देत नाही. लाकडाचा ठोकळा त्यापेक्षा खूप बरा, पण तोसुद्धा सायलेन्सरच्या पाईपखाली नको.

आणि तुम्ही एका ओळीत जे लिहिलंत, 'गाडी चालू करून पहिल्या गिअरला टाकायची, चेन आपोआप फिरते, फडकं धरलं की साफ', ते काका हात जोडून सांगतो, आता कोणालाच शिकवू नका. मी ज्या मेकॅनिककडे कॉलेजात असताना जायचो त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच होती. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मधे गेलं, फडक्याबरोबर बोटं. क्लच दाबायला दुसरा हात पोचायच्या आत सगळं झालं होतं. स्टँडवर गाडी घेतली की हा मोह जास्तच होतो, चाक हवेत असतं, म्हणून मी चावी काढून खिशात ठेवतो. चाक हाताने फिरवायचं, उलटं, मागच्या दिशेने, ब्रश चेनच्या खालच्या बाजूला धरायचा.

तुमचं एक म्हणणं मला पटलं आणि तेही लेखात टाकलंय, की प्रत्येकाला स्टँड लागत नाही. शाईन, स्प्लेंडर, डबल स्टँडवाली बुलेट असेल तर एक रुपया खर्च करू नका. नुसतं चेनला लूब (वंगण) मारायचं असेल तर साईड स्टँडवरही होतं, तेवढा भाग पुसून लूब मारायचा, गाडी हातभर पुढे ढकलायची, परत मारायचं. कंटाळवाणं आहे पण होतं. आपल्याकडे जूनपासून खाडीची दमट हवा आणि घोडबंदरचा चिखल, पावसात आठवडाभर लक्ष दिलं नाही की चेन लाल पडते, तेव्हा नीट रॉकेलने धुवायची, पुसायची, 90 नंबरचं गिअर ऑईल किंवा लूब लावायचं असं दर पंधरवड्याला करणाऱ्यालाच स्टँडचा खरा उपयोग आहे. (पेट्रोलने धुऊ नका, चेनच्या ओ-रिंग खराब होतात.)

मुलाच्या स्टँडचा फोटो तुम्ही टाकलात तो मोठा करून बघितला. त्याला हुक नाहीत, रबरी एल आकाराचे पाय आहेत, जे स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या गाडीच्या हाताच्या) खाली नुसते टेकतात. मी सुरुवातीला तेच वापरले आणि आता कोणाला सांगत नाही, कारण बाजूला सरकायला त्यांना काहीच अडवत नाही. स्विंगआर्मला स्पूल बसवा आणि स्टँडला यू आकाराचे हुक, बऱ्याच स्टँडवर फक्त ते बदलता येतात, नवा घ्यायला लागत नाही. स्पूलचा बोल्ट गाडीप्रमाणे बदलतो, यामाहाला बहुतेक 6 एमएम, होंडा सुझुकीला 8, केटीएमला 10, तरी घेण्याआधी भोक मोजा. आणि आधी हाताने फिरवून बसवा, आटे वाकडे गेले तर खर्च स्विंगआर्मचा. स्टँडची रुंदी स्पूल ते स्पूल अशी सेट करा की हुक दोन्हीकडे सारखे बसतील, खेळ राहायला नको. वेल्डिंग बघा, खासकरून दांडा जिथे जोडलाय तिथे. वागळे इस्टेटमधून एका ओळखीच्याने बनवून आणलेला स्टँड मी बघितलाय, पाईप जाड, रंग छान, पण वेल्ड फक्त वरच्या बाजूने मारलेला, तो मी त्याला वापरू दिला नाही.

चाक काढायचं असेल तर मागच्या एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, उचलल्यावर नाही. तो नट सुटताना माणूस पान्यावर लटकतो आणि तो झटका स्टँडवरच्या गाडीला सहन होत नाही. पुढच्या चाकाचा स्टँड सध्या घेऊच नका, लागलाच तर मागचा आधी लावायचा, मग पुढचा, आणि काढताना पुढचा आधी.

गाडी स्टँडवर ठेवून वर चहाला जायचं नाही हे मुलाला मुद्दाम सांगा. आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सातनंतर पोरं क्रिकेट खेळतात, बॉल गाडीखाली गेला की ती वाकून हात घालतात.

काका, तुम्ही लिहिलंत की आता तो स्टँड भंगारात देणार. देऊ नका, निदान पुढच्या रविवारपर्यंत. विटावा-दिघ्यावरून सकाळी अर्धा तास लागतो, मुलाचा घोटा बरा असेल तर दोघं या, काँक्रीटची जागा मी शनिवारी रात्रीच धरून ठेवतो. तुम्ही हँडल धरा, तो दांडा दाबेल, मी उजव्या बाजूला उभा राहतो. येताना स्टँड आणि त्याच्या गाडीचं मॅन्युअल आणा, यू हुक माझ्याकडे जास्तीचे पडलेत, बसतात का बघू.