रोमिओ-ज्युलिएटच्या आईबापांना निर्दोष सोडू नका

सगळ्या ग्रुपांवर तो मेसेज फिरतोय, काल आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. "रोमिओ-ज्युलिएट ही प्रेमकथा नाही. १३ वर्षांची मुलगी, १७ वर्षांचा मुलगा, तीन दिवसांचं प्रेम आणि सहा जीव गेले. आईवडिलांचं ऐकलं असतं तर सगळे जगले असते." खाली मुलींना उपदेश. मला हे वाचून खरंच राग आला.

आधी वय. रोमिओचं १७ हे वय नाटकात कुठेच नाही. ज्युलिएटचं आहे, तिला चौदावं पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी आहेत. पण एवढ्या लहान मुलीसाठी स्थळ बघतंय कोण? घरचेच ना. गंमत नाही, पहिल्या अंकात तिचा बाप कॅप्युलेट स्वतः तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला म्हणतो की अजून दोन उन्हाळे थांब, तिची संमती असेल तरच माझी. म्हणजे त्याला कळत होतं.

मग घाई पोरांनी केली म्हणता, केलीच, रविवारी रात्री भेटले आणि सोमवारी गुपचूप लग्न, ते मी नाकारत नाही. पण बापाची घाई बघा. सोमवारी ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या हातून मेला, रोमिओ हद्दपार झाला, घरात सुतक, आणि त्याच रात्री हा माणूस मुलीला न विचारता गुरुवारचं लग्न ठरवून मोकळा. सकाळी ती नाही म्हणाली तर तिला फरफटत चर्चमध्ये नेईन, रस्त्यावर भीक मागून मर, अशी भाषा. ती आईला म्हणते, एक महिना, निदान एक आठवडा तरी पुढे ढकल. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, माझा तुझा संबंध संपला. दाईसुद्धा सांगते की पॅरिसशीच कर आता. तेरा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं? ती त्यांचं लग्न लावणाऱ्या पाद्र्याकडे, फ्रायर लॉरेन्सकडे गेली. औषध पिऊन मेल्यासारखं पडायचं आणि रोमिओने येऊन थडग्यातून न्यायचं, हा त्याचा प्लॅन कच्चा होता, शेवटी थडग्यातून तो तिला एकटीला सोडून पळालाही, त्याचा दोष आहेच. पण औषध घ्यायचं ठरलं होतं बुधवारी रात्री, आणि बापाने खुशीत येऊन लग्न एक दिवस अलीकडे आणलं म्हणून तिला ते मंगळवारीच प्यावं लागलं, रोमिओपर्यंत निरोप पोचवायला हाताशी असलेला एक अख्खा दिवस तिथेच गेला. प्लेगच्या भीतीने पत्र नेणारा अडकला हे नशीब म्हणा हवं तर, पण हा दिवस नशिबाने नाही खाल्ला.

"आईवडिलांचं ऐकलं असतं तर" हा मुद्दा तर शेक्सपिअरचा नाहीच. १५६२ साली आर्थर ब्रूकने हीच गोष्ट कवितेत लिहिली, प्रस्तावनेत बजावलं की बघा, वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावणाऱ्यांचं काय होतं. शेक्सपिअरने गोष्ट त्याच्याकडूनच घेतली, महिन्यांचा काळ काही दिवसांवर आणला, मुलीचं वयही कमी केलं, आणि तो उपदेश मात्र उचलला नाही. उलट सुरुवातीच्या चौदा ओळींतच सांगून टाकलं की आईबापांचं वैर मुलांच्या मरणाशिवाय कशानेच मिटलं नाही.

आणि सहा जीव. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, टिबॉल्ट, पॅरिस, ती दोघं, आणि मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने गेलेली रोमिओची आई. मर्क्युशिओ आणि टिबॉल्ट भर रस्त्यात तलवारीने मेले, तेही प्रेमाच्या खात्यात टाकताय? गावात तीनदा दंगल झाली होती या दोन म्हाताऱ्या बापांच्या भांडणापायी, पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेट तलवार मागतो आणि बायको म्हणते, तुम्हाला कुबडी हवी, तलवार कशाला. वैर कशावरून हे नाटकात कुणी सांगतही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते, पार्टीत रोमिओ दिसल्यावर टिबॉल्टला आवरणारा कॅप्युलेटच होता, मुलगा चांगला आहे म्हणाला. म्हणूनच जास्त त्रास होतो, कारण हा माणूस वेगळं वागू शकत होता.

शेवटी गावाचा राजा, प्रिन्स, दोन्ही बापांना समोर उभं करून हे तुमच्या द्वेषाचं फळ म्हणतो, स्वतः डोळेझाक केल्याचंही मान्य करतो. आणि कॅप्युलेट? तो म्हणतो, ही पोरं आमच्या वैराचे बळी. मेसेज पुढे पाठवण्याआधी तिसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश तेवढा वाचा, आणि आपल्या मुलीला शेजारी बसवून वाचा.