‘नागपुरात स्टुडिओ टिकत नाही’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिला आहे, फोटोग्राफर मंडळींच्या, नाटकवाल्यांच्या, मास कॉमच्या पोरांच्या, सगळ्याच. मजकूर थोडक्यात असा: नागपुरात फिल्म स्टुडिओ टिकत नाही, कारण इथे मार्केट नाही, कलाकार नाहीत, आपली बोली बाहेर कोणी ऐकत नाही, कॅमेऱ्यातच लाखो रुपये जातात, आणि इन्व्हेस्टर किंवा सरकारी अनुदान नसेल तर दोन वर्षांत शटर खाली. सिनेमा करायचा असेल तर मुंबईची गाडी पकडा, नाहीतर जन्मभर लग्नं शूट करा.

माझ्याकडे एडिटिंग शिकणाऱ्या एका पोरीनं हा मेसेज दाखवून विचारलं, दादा, मग आम्ही हे काहून शिकून राहिलो? म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मार्केट. ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं दिवाळीनंतर एकदा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजला जाऊन यावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं होतात, दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत, मंडईच्या (म्हणजे गावजत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं, शेतात मंडप टाकून, रात्रभर. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग बुक करते, तिकीट मंडळ विकते, कलाकाराला नाईटप्रमाणे पैसे मिळतात. कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं वडशात आहेत. लोक तिकीट काढून येतात, थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाला तो याच रंगभूमीवरच्या कामासाठी. मुंबईचा वितरक नाही, कॉर्पोरेट स्पॉन्सर नाही, तरी वर्षानुवर्षं हा धंदा आपल्या पायावर उभा आहे, आणि आपण नागपुरात बसून म्हणतो की विदर्भातला माणूस पैसे देऊन काही बघत नाही!

आता हे मान्य आहे की नाटक म्हणजे सिनेमा नाही, प्रयोग रोज विकता येतो आणि सिनेमाला पडदा लागतो, शो लागतात. पण स्टुडिओ फक्त सिनेमाच्या तिकिटावर चालत नसतो, मुंबईतलाही नाही. तिथेही बरीच छोटी प्रॉडक्शन हाऊसेस जाहिराती आणि कॉर्पोरेट फिल्म करून आपला सिनेमा पोसतात. मग तसं काम नागपुरात नाही का? कोळसा खाणींच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉईलचं इथे, पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथे, कापूस संशोधन संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची संस्था इथे, मृद सर्वेक्षणवाले इथे. खाणीत कामगार उतरवायच्या आधी त्याला ट्रेनिंग देणं कायद्यानं सक्तीचं आहे, आणि ट्रेनिंग नुसत्या चार्टवर होण्यापेक्षा त्याच्या भाषेतल्या फिल्मवर चांगलं होते. शेतकऱ्याला बोंडअळी कशी ओळखायची हे दाखवायला व्हिडिओच लागतो. हॉस्पिटलं, शाळा, एनजीओ वेगळ्याच. हे काम ग्लॅमरचं नाही, टेंडरची कागदपत्रं भरून जीव जातो, पण ते बाराही महिने असते आणि पगार बाराही महिने द्यावा लागतो.

कलाकार नाहीत हा मुद्दा वाचून मात्र खरंच वाईट वाटलं. नागराज मंजुळेंचा २०२२ चा झुंड हा सिनेमा इथे शूट झाला, त्यात नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं होती, कॅमेऱ्यासमोर नवखी, आणि त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. टॅलेंट शोधायला दिग्दर्शक बाहेरून येतो आणि आपण म्हणतो इथे कोणी नाही. शिवाय झाडीपट्टीतले लोक रात्रभर माईकवर आवाज लावतात, त्यांना फक्त कॅमेऱ्यासमोर आवाज खाली आणायला शिकवावं लागते, थोड्या तालमीत येते ते.

बोलीचं म्हणाल तर वऱ्हाडी, झाडी, नागपुरी बोलणारा प्रेक्षक इतका मोठा आहे की बाहेरच्यानं आधी नाही ऐकली तरी सुरुवातीला चालते. सबटायटल आहेतच.

कॅमेरा. हा मुद्दा दहा वर्षांपूर्वी तरी अर्धा खरा होता. आज एडिटिंग आणि कलर दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये होते, थ्रीडी ॲनिमेशनचं ब्लेंडर फुकट आहे, थिएटरला द्यायचं डीसीपी, म्हणजे सिनेमाची डिजिटल कॉपी, तीसुद्धा फुकट सॉफ्टवेअरनं बनते. मोठा कॅमेरा, लेन्सेस लागतील त्या दिवशी भाड्यानं आणा. रिमा दास यांनी आसामातल्या छायगावजवळच्या आपल्या गावात व्हिलेज रॉकस्टार्स केला, दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं स्वतः, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि भारताकडून ऑस्करला तोच गेला. पैसा टाकायचाच असेल तर आधी साऊंडवर टाका, खराब चित्र लोक सहन करतात, खराब आवाज नाही करत. आवाजाच्या फायनल मिक्सिंगसाठी मुंबईला जावं लागलं तर जावं, त्यात कमीपणा नाही, पण मिक्सिंगला जाणं वेगळं आणि घर सोडून जाणं वेगळं.

लग्नं शूट करणाऱ्यांबद्दल ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला अजिबात पटत नाही. रीटेक नसताना चार कॅमेरे सांभाळणं, उजेड बदलत असताना एक्स्पोजर धरून ठेवणं, हे लग्नातच शिकतात पोरं. अडचण एवढीच की ते काम सीझनचं आहे, चातुर्मासात हातावर हात. म्हणून लग्नाच्या पैशातून जुलै ते ऑक्टोबरचे पगार आधीच बाजूला काढून ठेवायचे आणि त्याच रिकाम्या महिन्यांत स्वतःची फिल्म लिहायची, शूट करायची.

यूट्यूबचंही सांगतो, कारण मेसेजखाली बऱ्याच जणांनी तोच उपाय जोडून पुढे पाठवलाय. लांबीच्या (शॉर्ट्स नसलेल्या) व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा क्रिएटरला मिळतो, पण तिथे पोचायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉचटाइम लागतो, आणि मराठी व्ह्यूजवर चार जणांचे पगार निघणं अवघड आहे. चॅनेल जरूर ठेवा, पण त्याच्यावर भाडं अवलंबून ठेवू नका.

राहिला इन्व्हेस्टर आणि अनुदान. मराठी सिनेमाचं सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळते, म्हणजे ते पाया कधीच नव्हतं. स्टुडिओ बंद पडतात ते थकलेल्या बिलांमुळे, हे मी जवळून पाहिलंय. समजा तुमचा महिन्याचा खर्च सव्वा लाख आहे. मार्चमध्ये तीन लाखांचं बिल लावलं, जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर त्याचा १८ टक्के टॅक्स एप्रिलमध्ये खिशातून भरला, आणि क्लायंटनं पैसे दिले ऑगस्टमध्ये. काम भरपूर आहे, नफाही आहे, तरी जूनमध्ये एडिटर सोडून जातो. यावर उपाय कायद्यात आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाईन आणि फुकट होते. ती असली की एमएसएमई कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. त्यातच २०२३-२४ पासून असं बिल मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिलं नाही तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. भांडायला जायची गरज नाही, उद्यम नंबर आणि ही मुदत कोटेशनवरच छापा, आणि ४० टक्के ॲडव्हान्सशिवाय कॅमेरा बॅगेतून काढू नका.

दुसरी गोष्ट हक्कांची, आणि ही तर कोणी बोलतच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फिल्म करून घेतली आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर पहिला मालक तो, तुम्ही नाही. म्हणजे तुम्ही क्लायंटसाठी ताडोबाच्या जंगलाच्या बफरमध्ये उन्हात थांबून घेतलेले शॉट उद्या तुमच्याच डॉक्युमेंटरीत वापरायला त्याची परवानगी लागेल. म्हणून करारात दोन ओळी घालायच्या: तयार फिल्म क्लायंटची, रॉ फुटेज, म्हणजे एडिट न केलेलं शूटिंग, स्टुडिओचं. बरेच क्लायंट याला हरकत घेत नाहीत, त्यांना फक्त आपली फिल्म वेळेवर हवी असते. ज्याला रॉ फुटेजही हवं असेल त्याला त्याचा वेगळा रेट सांगा.