हळदच हाय की ती!

तासगावच्या आत्यानं तीन आठवडे मेटफॉर्मिनला, म्हणजे मधुमेहाच्या गोळीला, हात लावला नव्हता. उपाशीपोटी शुगर 268. कारण फिरत फिरत तिच्या मोबाइलवर आलेला मेसेज: ‘सरकारी मानांकन असलेल्या सांगलीच्या हळदीतल्या कर्क्युमिनची कॅप्सूल, जोडीला काळी मिरी, ताकद 2000 टक्के. 40 दिवसांत मधुमेह मुळासकट जातो. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. गोळ्या बंद करा.’ मी चिडलो तर म्हणते, “अरे, हळदच हाय की ती!”

नव्हे. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण 3 टक्के. कॅप्सूलमधलं दीड ग्रॅम हळदीतून मिळवायचं तर रोज 50 ग्रॅम हळद खावी लागेल. तेवढी आत्याला महिनाभर पुरते.

आता ते ‘अपाय शून्य’. कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. आतडं आणि यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावतात. मिरीतलं पायपरिन हेच काम अडवतं. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात मोजलेली रक्तातल्या कर्क्युमिनची ‘2000 टक्के’ वाढ ती हीच. मेसेजवाल्यानं त्याला ‘ताकद’ करून टाकलं! अडवणूक फक्त कर्क्युमिनपुरती राहत नाही. फिटवर देतात त्या फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण पायपरिननं वाढतं. आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेले 10 रुग्ण नोंदवले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. शून्य म्हणे!

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. थायलंडमध्ये 2012 साली 240 जणांवर नऊ महिने प्रयोग झाला. कर्क्युमिन घेणाऱ्यांत कुणालाच मधुमेह झाला नाही, न घेणाऱ्यांत 16.4 टक्क्यांना झाला. आकडा चांगलाच आहे. पण ती माणसं काठावरची होती, मधुमेही नव्हती. आत्याला बारा वर्षं झाली. चालू गोळी सोडा, असं त्यात कुठंच नाही.

राहिलं ‘सांगलीच्या हळदीला सरकारी मानांकन’. 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, खरं आहे. ते हळद कुठली हे सांगतं, औषध आहे असं नाही.

मेटफॉर्मिन डॉक्टरांना विचारून काल रात्रीपासून पुन्हा सुरू. शनिवारी मिरजेला तपासणी. कॅप्सूलची डबी मी खिशात घालून आणलीय. आत्या दोनदा फोन करून परत मागतेय.