पोर्टनॉय परत आला, त्यात तुमचं काय गेलं?

आज सकाळी सांगलीत विश्रामबागेत चहा पिताना आमच्याच ग्रुपमधला एक जण म्हणाला, "ड्रीम थिएटरचा तो ड्रमर? पैसे कमी पडले असतील, आला परत. आणि ह्यांनी घेतला पण! काही लाज?" चहा तसाच ठेवून उठलो. तिथं तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथं लिहितोय.

माईक पोर्टनॉय काय भाड्यानं आणलेला वादक आहे? ड्रीम थिएटर हा अमेरिकेतला प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीचं रॉक वाजवणारा बँड. १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात शिकणाऱ्या तीन पोरांनी तो काढला. गिटारवर पेत्रुची, बेसवर म्युंग आणि ड्रमवर हा. तिघांच्या बायकासुद्धा एकाच थ्रॅश मेटल बँडमधल्या, इतकी घरं एकमेकांत गुंतलेली. २०१० मध्ये ह्याला थोडं थांबायचं होतं, बाकीच्यांना नव्हतं. हा बाहेर पडला. पुढं परत येतो म्हणाला, तर तोवर ड्रमवर माईक मँजिनीला घेतलेलं. दार बंद.

हे दार बंद होणं मी घरात बघितलंय. तासगावकडं आमच्या गावच्या भजनी मंडळात माझे चुलते, अण्णा, पखवाज वाजवायचे. वर्गणीच्या हिशोबावरून एकानं चारचौघांत वाकडा शब्द टाकला. अण्णांनी पखवाज गवसणीत घातला आणि उठून घरी आले. राग निवल्यावर त्यांनी निरोप धाडला, येतो म्हणून. उलट निरोप आला: आता दुसरा वाजवतोय.

संपलं. एवढ्यावर संपलं!

ज्या जिल्ह्यात मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत रात्ररात्र गाणं चालतं, तिथल्या माणसानं एका वादकाला परत घेतलं म्हणून लाज काढावी? पैसे मिळणारच की. मिळू देत. पण नुसत्या पैशासाठी बँडचा गायक लाब्री, ज्याचं ह्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, तो २०२२ ला न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात समोर आल्यावर त्याला मिठी मारेल? त्याआधी २०२० मध्ये पेत्रुचीनं स्वतःच्या अल्बमवर ड्रम वाजवायला ह्यालाच बोलावलं होतं. आधी माणसं जवळ आली, मग २०२३ च्या ऑक्टोबरात बँडनं जाहीर केलं.

मँजिनीचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. बर्कलीतली शिकवण्याची नोकरी सोडून आला होता तो. २०२२ चं ग्रॅमी तो असतानाच मिळालं. तरी जाताना हा निर्णय आपल्याला समजतो, असं त्यानं जाहीर सांगितलं. आमच्या गावातही अण्णांच्या जागी बसलेला पोरगाच चांगला निघाला. अण्णांकडं बोल विचारायला यायचा, अण्णा त्याला मांडीवर हात धरून शिकवायचे. वाकले नाहीत ते मंडळातले थोर लोक. पोराला विचारलं असतं तर तो आनंदानं बाजूला सरकला असता.

एकादशीला देवळात भजन सुरू झालं की अण्णा सोप्यात बसायचे. काकूकडनं कणकेचा गोळा घ्यायचे, पाण्याचा हात लावून धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थापायचे, अंगठ्यानं कडा दाबायचे, एक थाप मारून बघायचे आणि जास्त वाटली तर नखानं थोडी काढायचे. मग देवळाच्या भोंग्यावरनं जे भजन ऐकू येईल त्याला घरात बसून साथ करायचे. देवळात कुणाला पत्ता नाही. शेवटपर्यंत असंच. मंडळानं बोलावलं नाही ते नाहीच, आणि अण्णा गेल्यावर हार घेऊन मात्र सगळे हजर.

आता 'पॅरासोम्निया'विषयी, म्हणजे पोर्टनॉय परतल्यावरच्या त्यांच्या अल्बमविषयी. २०२५ च्या फेब्रुवारीत आला, एकाहत्तर मिनिटांचा, झोपेतल्या विकारांवर. वळण जुनंच आहे म्हणतात. असेल थोडं. पण हेडफोन लावा आणि पेत्रुचीची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, सुरू झाली की फक्त ड्रमकडं कान द्या. गिटार जिथं वळते तिथं हा आधीच जाऊन उभा असतो. मँजिनीचा हात जास्त सफाईचा असेलही. ही ओळख वेगळी, ती कॉलेजपासून सोबत वाजवल्याशिवाय येत नाही. पहिल्यांदा ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेरा वर्षांनी का होईना, त्यांनी दार उघडलं. आमच्या गावाला तेवढं जमलं नाही.

आणि मित्रांनो, आपल्या ग्रुपमधनं गेल्या दिवाळीत जो रागावून गेला, त्याला मी आज रात्री फोन करतोय. रविवारी चहाला घेऊन येणार. कुणाला चालणार नसेल तर मला आत्ताच सांगा, त्याच्यासमोर नको.