पेरूझ बघून आल्यावर पन्हाळ्याबद्दल

फ्रान्समधल्या ल्यों शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर, एका टेकडीवर पेरूझ नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे. मेक्सिमियूच्या स्टेशनावर उतरायचं, चढण चढायची आणि वेशीतून आत शिरायचं. गाड्या बाहेरच. रस्ते नदीतल्या गुळगुळीत गोट्यांचे, पावसाचं पाणी वाहून जायला मधोमध पन्हळ काढलेली. चौकात लिंडनचं झाड आहे, राज्यक्रांतीच्या काळात १७९२ साली लावलेलं. शेजारी लोणी-साखर पसरून भाजलेली पातळ पोळी मिळते, लिंबाच्या सालीचा वास असलेली. ती गरमच खावी.

गाव इतकं नीटनेटकं की डोळे निवतात. पण भारतातून आलेल्या बाबांनी दोन गल्ल्या फिरून झाल्यावर विचारलं, "इथं ऱ्हातंय कोण?" कोल्हापूरचा माणूस हेच विचारणार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात पन्हाळा आहे. नामांकनाच्या वेळीच गडावरच्या रहिवाशांनी विरोध केला होता. घराला हात लावता येईल का, धंदा चालेल का, उद्या आम्हाला उठवणार तर नाहीत ना, ही त्यांची भीती. त्यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं : युरोपात बघा, कसं जपतात! मी युरोपात राहतो, म्हणून सांगतो, जरा नीट बघा.

पेरूझ विणकरांचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात हातमागाचा धंदा बसला, नवे रस्ते आणि रेल्वे टेकडीखालून गेली, माणसं पोटामागे उतरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तटाच्या आत बोटावर मोजण्याइतकी माणसं उरली होती आणि रिकामी घरं पाडली जात होती. १९११ साली गाव वाचवायला समिती उभी राहिली, ल्योंचे महापौर एदुआर एरियो यांनी आपलं वजन तिच्या पाठीशी टाकलं. दगड वाचले. पण विणकर गेले ते गेलेच. आज आत आहेत ती मुख्यतः दुकानं, खानावळी आणि आमच्यासारखे एका दिवसाचे पाहुणे.

पन्हाळ्यावर अजून माणसं आहेत. अंबरखाना, सज्जाकोठी बघायला पर्यटक येतात, त्याच गडावर लोकांची घरं आणि शाळा आहेत. शिलाहारांपासून चालत आलेली ही वस्ती हाच मोठा वारसा आहे, असं मला मनापासून वाटतं.

इथून घ्यायचंच असेल तर कामाची पद्धत घ्यावी. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूच्या आसपास, साधारणपणे ५०० मीटरच्या आत, घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते. लोक त्याच्या नावानं खडे फोडतात, खिडकीच्या रंगावरून महिनोन्‌महिने वाद चालतात. पण तो माणूस जिल्ह्यात बसतो, कागद घेऊन त्याच्यापुढे जाता येतं, आणि संरक्षित इमारतीच्या मालकाला अनुदान किंवा करसवलत मिळू शकते. आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या बदलानंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. परवानगी काढून डागडुजी करता येते, पण मोडकळीला आलेलं घर पाडून पुन्हा उभारता येत नाही. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीचे वाडेकरी याच कात्रीत अडकलेत.

बेसुमार काँक्रीटला माझा विरोधच आहे. तटाला खेटून तीन मजली लॉज उभं राहणं हा गुन्हाच मानावा. पण रोखायचं कुणाला, लॉजवाल्याला की गळकं छप्पर बदलू पाहणाऱ्या म्हातारीला, हा फरक नियमात हवा. पन्हाळ्यावरच एक कार्यालय उघडा. तिथं जांभा आणि चुन्याचं काम जाणणारा वास्तुविशारद बसवा. जुन्या धाटणीनं घर दुरुस्त करणाऱ्याला वाढीव खर्च सरकारनं द्यावा. आणि गडावरून कुणालाही उठवणार नाही, हे आधी लेखी द्या.