‘बँकेत संगणक आला, तरी एकाचीही नोकरी गेली नाही’ : एका दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. १९८०च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी उगाच विरोध केला; प्रत्यक्षात एकाचीही नोकरी गेली नाही, उलट नोकऱ्या वाढल्या; म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेला घाबरू नका, जो शिकेल तो टिकेल, असा त्याचा आशय आहे. मी १९८२ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या सोलापुरातील शाखेत कारकून म्हणून रुजू झालो आणि हा बदल काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला, म्हणून हे लिहितो आहे.

यंत्र नकोच होते, असे माझे म्हणणे नाही. जून आणि डिसेंबरअखेर बचत खात्यांचे व्याज हाताने काढावे लागे आणि खात्यांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, जुळेपर्यंत कुणी जागचे हलत नसे. फरक आला की तो नऊने भागला जातो का, हे आधी पाहायचे. भागला गेला तर कुठेतरी ३६ चे ६३ झाले असावेत असे धरून पानन्‌पान पुन्हा तपासायचे. सत्तावीस रुपयांपायी रात्रीचे अकरा वाजलेले मला आठवतात. ते कष्ट गेले याचा मला आनंदच आहे.

आता दाव्याकडे वळतो. संघटनांचा विरोध फुकट गेला, हे म्हणणे चूक आहे. त्या विरोधामुळेच १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनला, म्हणजे बँक व्यवस्थापनांच्या संस्थेला, कर्मचारी संघटनांशी करार करावा लागला. यंत्रे कोणत्या कामासाठी आणि किती बसवायची यावर बोलणी झाली आणि यंत्रावर काम करणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. खातेवहीतल्या नोंदी करणाऱ्या लेजर पोस्टिंगच्या यंत्रापासून सगळ्या शाखा एकमेकींना जोडणाऱ्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचायला वीसेक वर्षे लागली. हा संथपणा आज मागासलेपणा म्हणून सांगितला जातो. आम्हाला सावरायला मिळालेला वेळ तो हाच.

‘एकाचीही नोकरी गेली नाही’ हे वाक्य मात्र सर्वांत फसवे आहे, कारण ते फक्त खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय, एवढी अट होती आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. त्यांना कुणी काढले नाही, हे खरे. पण त्यांच्या बहुतेक जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. बँकिंग सेवा भरती मंडळे २००१ मध्येच बंद झाली आणि पुढची काही वर्षे कारकुनांची भरती जवळजवळ थांबली. आमच्या शाखेत तिघांनी अर्ज दिले, त्यांची टेबले भिंतीला लावून ठेवली गेली आणि बदली माणूस आलाच नाही. त्या वर्षांत बी.कॉम. होऊन परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या मुलांची नोकरी गेली, असे कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही, कारण ती त्यांना मिळालीच नव्हती.

नोकऱ्या पुढे वाढल्या, हे काही अंशी खरे आहे. पण त्याचे श्रेय एकट्या संगणकाला देता येत नाही. १९९१ नंतरचे उदारीकरण, नव्या खाजगी बँका, गृहकर्जाचा विस्तार यांमुळे व्यवहारच अनेक पटींनी वाढले. शिवाय वाढलेले काम जुन्या जातीचे नव्हते. सरकारी बँकांत आज कारकुनांपेक्षा अधिकारी जास्त आहेत. खेड्यात खाते उघडून देणारा बँकमित्र पगारावर नव्हे, तर कमिशनवर काम करतो. एटीएमचा रखवालदार आणि कर्ज विकणारा मुलगा बहुधा कंत्राटदाराचा असतो. कामाची संख्या मोजताना त्या कामाला निवृत्तिवेतन आहे का, रजा आहे का, हे विचारलेच पाहिजे.

‘जो शिकेल तो टिकेल’ याबद्दल थोडेच सांगतो. मला संगणक बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवला गेला, कामाच्या वेळेत, पूर्ण पगार आणि प्रवासभत्ता देऊन; परत आल्यावर माझी जागा माझीच होती. आज डेटा एंट्रीत किंवा कॉल सेंटरमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलीला नवे तंत्र शिकायला सांगितले जाते तेव्हा शुल्क तिचे असते, वेळ रात्रीची असते आणि करार पुढे वाढेल याची हमी कुणी देत नाही.